१२ × १२ चे स्क्रॅपबुक पेपर ८ × ८ आणि ए४ पानांसाठी बदलताना नक्षी बिघडते

रेघोटी:
डिजिटल स्क्रॅपबुक किटमधले चाळीसेक बॅकग्राउंड पेपर आहेत. सगळे जेपेग, ३६०० × ३६०० पिक्सेल, म्हणजे ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) १२ × १२ इंच. त्यांतून दोन अल्बम करायचे आहेत, एक ८ × ८ इंची चौरस आणि एक उभा ए४. दोन्ही छापायचे आहेत आणि छापणाऱ्यांना चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कटाईत जाणारा जादा भाग) हवं आहे.

फोटोशॉपमध्ये इमेज साइजमध्ये २४०० × २४०० टाकलं की साध्या रंगाचे आणि वॉटरकलरचे पेपर छान येतात. बारीक रेघांच्या पेपरवर मात्र काही रेघा कडक आणि काही धुरकट दिसतात. लिननचा पोत असलेल्या पेपरांवर तर चक्क लाटा उमटतात. ए४ साठी साखळीची खूण काढून रुंदी-उंची वेगवेगळी टाकली तर ठिपके लंबगोल होतात, ते तर चालणारच नाही.

शिवाय चार-पाच फाइली उघडल्यावर ५० × ५० इंच आणि ७२ पीपीआय असं दाखवतात. त्या कमी दर्जाच्या आहेत का? आणि काही पेपरांना कडेने शिवणीची किनार आहे, त्यांचं ए४ कसं करायचं?

कातरकाम:
आधी ७२ वाल्या फाइली, कारण तो प्रश्न मिनिटाभराचा आहे. ३६०० भागिले ७२ म्हणजे ५०, म्हणून ५० इंच दिसतात. पिक्सेल तेवढेच आहेत, दर्जाही तोच. फोटोशॉपमधून 'सेव्ह फॉर वेब'ने साठवलेल्या फाइलीत रेझोल्युशनचा आकडा लिहिला जात नाही, मग उघडताना ७२ धरला जातो. इमेज > इमेज साइज उघडा, आधी 'रिसॅम्पल'वरची (पिक्सेलची संख्या बदलण्याच्या पर्यायावरची) टिकमार्क काढा, मग रेझोल्युशनमध्ये ३०० टाका. रुंदी-उंची आपोआप १२ होईल आणि एकही पिक्सेल हलणार नाही. टिकमार्क तशीच ठेवून ३०० टाकलं तर मात्र १५००० × १५००० ची अवाढव्य फाइल तयार होते, आणि तिच्यात नवा तपशील काहीच नसतो.

आता मूळ मुद्दा. 'रिसाइझ' या एकाच नावाखाली तीन निरनिराळी कामं चालतात: पिक्सेलची संख्या बदलणं, नक्षी लहान-मोठी करणं आणि कागदाचा आकार बदलणं. तुम्हाला ए४ साठी फक्त तिसरं काम करायचं आहे, पण इमेज साइजचा डबा तिन्ही एकदम करतो.

ए४ म्हणजे २१० × २९७ मिमी, ३०० पीपीआयला २४८० × ३५०८ पिक्सेल. ब्लीड धरून २१६ × ३०३ मिमी, म्हणजे २५५१ × ३५७९. तुमचा पेपर ३६०० उंच आहे. म्हणजे ब्लीडसकट ए४ त्यात जसाच्या तसा मावतो, वर २१ पिक्सेल शिल्लक राहतात! लहान काही करायचंच नाही, बाजूचे १०४९ पिक्सेल कापायचे. नक्षी मूळ मापाची राहते, ठिपके गोल राहतात, धारही तीच.

कापायला इमेज > कॅनव्हास साइज (कंट्रोल + आल्ट + सी). एकक पिक्सेल, 'रिलेटिव्ह'ची टिकमार्क नको, २५५१ आणि ३५७९ टाका. खालच्या नऊ घरांच्या चौकटीत मधलं घर निवडलं तर दोन्हीकडून सारखं कापलं जातं. डावीकडचं फूल ठेवायचं असेल तर डावं घर निवडा. नवा कॅनव्हास लहान आहे, काही भाग कापला जाईल असा इशारा येतो, तो मान्य करा. आपल्याला तेच हवं आहे.

क्रॉप टूलने करणार असाल तर वरच्या पट्टीतली रेझोल्युशनची चौकट बघा. तिथे आकडा असेल तर क्रॉप करता करता रिसॅम्पलिंगही होतं आणि ते सांगितलं जात नाही. रुंदी-उंची पिक्सेलमध्ये लिहिली तरी तसंच, कारण चौकट ओढून लहान-मोठी केली की आतला भाग ताणून त्या मापाचा केला जातो. नक्की पिक्सेल हवे असतील तर कॅनव्हास साइजच बरा. नाहीतर आयताकृती मार्की (निवडीची चौकट) घ्या, तिची स्टाइल 'फिक्स्ड साइज' करा आणि मग इमेज > क्रॉप.

८ × ८ साठी २४०० पुरणार नाही. ३ मिमी म्हणजे ३००ला ३५.४ पिक्सेल. दर बाजूला ३६ धरा, एकूण २४७२ × २४७२. इथे मात्र कापायचं की लहान करायचं हे पेपर बघून ठरवावं लागेल. मोठी फुलं, पानभर पसरलेला वॉटरकलर, कोपऱ्यात चित्र असलेले पेपर लहान करा, कारण कापले तर रचना तुटते. बारीक ठिपके, चेक्स, अक्षरांची नक्षी, लिनन, क्राफ्ट पेपर हे कापा. कागदाचा पोत लहान केला की तो कागदाचा वाटतच नाही, छापल्यावर नुसता करकरीत दाणा दिसतो.

पिक्सेलपंत:
वरच्या प्रतिसादाला +१. रेघांचं कारण सांगतो.

३६०० वरून २४०० म्हणजे दोन तृतीयांश. १० पिक्सेलची रेघ ६.६७ पिक्सेलची होते. अर्धामुर्धा पिक्सेल रंगवता येत नाही, त्यामुळे कडेचा पिक्सेल मधल्याच छटेचा होतो. एका रेघेची कड पिक्सेलच्या सीमेवर नेमकी बसते, पुढचीची बसत नाही, तिच्या पुढचीची वेगळीच. म्हणून कडक-धुरकट असा क्रम दिसतो. सॉफ्टवेअर बदलून हे जाणार नाही, गणित बदलावं लागेल.

पेपर १०० टक्क्यांवर बघा आणि एका रेघेच्या सुरुवातीपासून पुढच्या रेघेच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर (म्हणजे एक आवर्तन) मार्कीने मोजा (इन्फो पॅनेलमध्ये रुंदी दिसते). एकच अंतर मोजू नका, दहा आवर्तनं मोजून दहाने भागा. समजा आवर्तन ४० पिक्सेलचं आहे. ते लहान केल्यावर पूर्णांक आलं पाहिजे. दोन तृतीयांशला २६.६७ येतं, बाद. २७ घेतलं तर ६७.५ टक्के, पेपर २४३०चा होतो, पण तुम्हाला २४७२ हवेत, तोही बाद. २८ घ्या: ७० टक्के, पेपर २५२० × २५२०. मग कॅनव्हास साइजने ४८ पिक्सेल कापून २४७२ करा. रेघा सगळ्या एकसारख्या येतील. आवर्तन ४५चं असतं तर दोन तृतीयांशला नेमकं ३० आलं असतं, पण ब्लीडला पुरलं नसतं, तिथे ३१ घेऊन २४८० करावं लागलं असतं. मुद्दा असा की आधी आवर्तन ठरवायचं, मग थोडा मोठा पेपर करायचा आणि शेवटी कापायचा.

रेघ स्वतः किती जाड आहे हे त्यानंतर. आवर्तन जुळलं की प्रत्येक रेघ निदान सारखीच चुकते, आणि सारखी चूक डोळ्याला खटकत नाही.

रिसॅम्पलच्या यादीत लहान करताना बहुतेक ठिकाणी 'बायक्यूबिक शार्पर' सुचवलेलं असतं. फोटोला ठीक. रेघा-ठिपक्यांच्या पेपरला मी ते लावणार नाही, कारण गडद रेघेच्या शेजारी फिकट पांढरी कड उठते आणि छापल्यावर ती दिसते. नुसतं 'बायक्यूबिक' घ्या. 'ऑटोमॅटिक'वर सोडू नका. 'निअरेस्ट नेबर' तर अजिबात नको: त्यात काही ओळी सरळ गाळल्या जातात, म्हणजे कोणती रेघ जगली आणि कोणती मेली ते नशिबावर.

घडीघालू:
गिंप (फोटोशॉपसारखंच मोफत सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी तेच काम. फक्त पीपीआय बदलायचं तर इमेज > प्रिंट साइज. लहान करायचं तर इमेज > स्केल इमेज, इंटरपोलेशन 'क्यूबिक' किंवा 'लोहॅलो', दोन्ही करून १०० टक्क्यांवर शेजारी शेजारी ठेवून बघावं. कापायचं तर इमेज > कॅनव्हास साइज, साखळी तोडून दोन्ही आकडे टाका, 'सेंटर' दाबा आणि 'रिसाइझ लेयर्स'मध्ये सगळे लेयर निवडा. ते राहिलं तर लेयर कॅनव्हासबाहेर लोंबत राहतो. एक्सपोर्टला काही फरक पडत नाही, पण पुढे तोच लेयर फिरवायला किंवा मध्यभागी आणायला गेलात की गोंधळ होतो.

जेपेग एक्सपोर्ट करताना क्वालिटी ९५च्या आसपास ठेवा आणि प्रगत पर्यायांत सबसॅम्पलिंग (रंगाचा तपशील किती राखायचा ते) ४:४:४, म्हणजे पूर्ण. लाल किंवा गडद गुलाबी बारीक नक्षी असेल तर ४:२:० मध्ये रंग कडेबाहेर पसरतो. आणि कापलेला पेपर मूळ नावावर साठवू नका. जेपेग उघडून परत परत साठवला की दर वेळी थोडा खराब होतो.

रेघोटी:
ए४ चा प्रश्न सुटलाच म्हणायचा. रेघांचे पेपर ७० टक्के करून बघितले, एकसारखे आले. लिनन अजून अडलं आहे. त्यातले दोन पेपर कापून चालणार नाहीत, कारण लिननच्या पोतावर मोठं फुलांचं चित्र छापल्यासारखं आहे आणि ते पूर्ण दिसायला हवं. लहान केलं की लाटा येतातच. आणि शिवणीची किनार?

पिक्सेलपंत:
आधी एक खात्री करा: लाटा फाइलीत आहेत की पडद्यावर? ३३ किंवा ५० टक्क्यांवर बघताना सॉफ्टवेअर स्वतः तात्पुरतं लहान करून दाखवतं, आणि त्यात लाटा दिसू शकतात. फाइलीत मात्र त्या नसतात. फोटोशॉपमध्ये कंट्रोल + १, गिंपमध्ये नुसतं १ दाबून १०० टक्क्यांवर या. तिथे लाटा गेल्या तर छपाईतही येणार नाहीत.

१०० टक्क्यांवरही असतील तर त्या खऱ्या. लिननचा धागा फाइलीत साधारण तीन-चार पिक्सेलचा असतो. एक उजळ आणि एक गडद असा जोड दाखवायला कमीत कमी दोन पिक्सेल लागतात. तीन पिक्सेलचं आवर्तन दोन तृतीयांश केलं की नेमकं दोनवर येतं, म्हणजे अगदी काठावर. त्याहून लहान झालं की धागा दाखवायला जागाच उरत नाही आणि त्याऐवजी रुंद खोटे पट्टे तयार होतात. याला मॉइरे म्हणतात. एकदा पिक्सेलमध्ये उतरलेला मॉइरे नंतर निघत नाही, त्यामुळे लहान करायच्या आधीच बंदोबस्त हवा.

सोपा उपाय: लहान करण्यापूर्वी फिल्टर > ब्लर > गॉशियन ब्लर, त्रिज्या ०.६ ते ०.८. धाग्याचा उठाव कमी होतो आणि लाटाही. मग बायक्यूबिकने लहान करा. फुलांची धार किंचित मवाळ होते. ती हवी असेल तर शेवटी अनशार्प मास्क, अमाउंट ४०-५० आणि त्रिज्या ०.५, पण फक्त फुलांवर, मास्क (लेयरचा काही भाग झाकणारा पडदा) लावून. पूर्ण पेपरवर लावलंत तर उरलासुरला धागा पुन्हा डोकं वर काढेल.

चांगला उपाय: पोत आणि चित्र वेगळे करा. फुलांच्या पेपरवर त्रिज्या १.५ ते २ चा ब्लर देऊन पोत जवळजवळ घालवा. मोठ्या फुलांना एवढा ब्लर दोन तृतीयांश केल्यावर फारसा जाणवत नाही, आणि जिथे जाणवतो तिथे वरच्यासारखं शार्पनिंग करा. आता तो २४७२ करा. वर दुसरा लेयर: त्याच किटमधला साध्या रंगाचा लिनन पेपर, लहान न करता २४७२ ला कापलेला. तो डीसॅच्युरेट करा, म्हणजे रंग काढून राखाडी करा (कंट्रोल + शिफ्ट + यू), लेव्हल्सने त्याचा सरासरी राखाडी १२८च्या (० ते २५५ च्या मधोमध) जवळ आणा, ब्लेंड मोड 'सॉफ्ट लाइट' किंवा 'ओव्हरले', अपारदर्शकता ४० ते ७० टक्के. राखाडी मध्यावर नसेल तर सगळा पेपर फिकट किंवा काळपट होतो, इथेच बहुतेकांचं बिनसतं. लिनन मूळ मापाचं, फुलं लहान, लाटा नाहीत.

कातरकाम:
किनारीचे पेपर. कापले तर किनार जाते, ताणले तर टाके लांबतात. एडिट > कंटेंट-अवेअर स्केल नावाची, मुख्य आकार जपून बाकीचा भाग ताणणारी-आवळणारी सोय फोटोशॉपमध्ये आहे आणि साध्या पार्श्वभूमीवर ती चालतेही (बॅकग्राउंड लेयरवर आणि स्मार्ट ऑब्जेक्टवर चालत नाही, आधी साधा लेयर करून घ्या). पण टाके, ठिपके, चेक्स असले की ती कुठेतरी दोन टाके चेपते. तिच्यावर वेळ घालवू नये.

हाताने करा. २५५१ × ३५७९ ची नवी फाइल घ्या. पेपर आणताना थोडा लहान करून ३५७९ × ३५७९ करा, हा अर्ध्या टक्क्याचा फरक आहे, दिसत नाही. त्याचे दोन लेयर करा. खालचा डाव्या कडेला चिकटवा, वरचा उजव्या कडेला. दोघांच्याही आपापल्या किनारी आता पानाच्या कडांवर आहेत आणि प्रत्येकाचे जादा १०२८ पिक्सेल समोरच्या बाजूला पानाबाहेर गेलेत. वरच्या लेयरला मास्क लावा आणि त्याचा डावा भाग काळ्या मऊ ब्रशने पुसा, ब्रश १५० ते २०० पिक्सेलचा, जोड पानाच्या साधारण मध्यावर. मधला भाग साधा किंवा वॉटरकलर असेल तर जोड शोधून सापडणार नाही.

वर आणि खाली जिथे शिवण आडवी जाते तिथे मऊ ब्रश चालत नाही, अर्धवट विरलेले दोन टाके एकमेकांवर दिसतात. तिथे कडक ब्रशने दोन टाक्यांच्या मधल्या फटीत मास्क कापा. फटी जुळत नसतील तर वरचा लेयर बाणाच्या कळीने डावी-उजवीकडे सरकवून जुळवा, पण मग उजवी किनार तेवढीच सरकते. दहाबारा पिक्सेल ब्लीडमध्ये खपतात. त्याहून जास्त फरक असेल तर दोन-तीन टाके क्लोन स्टॅम्पने नव्याने काढणं जास्त सोपं.

एक धोका मात्र आहे. किनार पानाच्या कडेपासून ३५ पिक्सेलच्या आत असेल तर ती ब्लीडसोबत कटाईत जाईल. अशा वेळी पेपर ब्लीडच्या मापाला न बसवता २४८० × ३५०८ च्या आत बसवा आणि बाहेरचे ३६ पिक्सेल पेपरच्याच रंगाने भरा. तरीही टाके कटाईच्या रेषेपासून निदान ४-५ मिमी आत असू देत, कटाई दर पानाला थोडी सरकते आणि किनार एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक दिसायला लागते.

चौकटराजा:
याच धाग्यात विचारतो. हेच पेपर १६ × १६ इंची फ्रेमसाठी मोठे करायचे झाले तर?

कातरकाम:
मोठे करूच नका. रिसॅम्पल बंद ठेवून रुंदी १६ टाका, रेझोल्युशन २२५ होईल. भिंतीवरच्या फ्रेमसाठी ते पुरेसं आहे. २० इंचाला १८० येतं, लांबून बघायच्या चित्राला तेही चालतं. छापणाऱ्यांच्या यंत्रणेला ३००च हवं असेल तर ४८०० × ४८०० करा, 'प्रिझर्व्ह डीटेल्स २.०' निवडून. नंतर फिल्टर > नॉइज > ॲड नॉइज, १ ते २ टक्के, गॉशियन, मोनोक्रोमॅटिक. कागदाचा दाणा मोठं करताना मवाळ होतो, तो या नॉइजने परत आल्यासारखा वाटतो.

अवांतर: पेपरऐवजी पूर्ण झालेलं पान लहान-मोठं करत असाल तर इमेज साइजच्या कोपऱ्यातल्या गिअरमध्ये 'स्केल स्टाइल्स' चालू आहे ना ते बघा. नाहीतर फोटोंच्या सावल्या जुन्याच मापाच्या राहतात आणि लहान पानावर फोटो हवेत तरंगल्यासारखे दिसतात.

घडीघालू:
चाळीस पेपर एकेक करत बसू नका. ए४ च्या कापणीची ॲक्शन (एकदा नोंदवून पुन्हा चालवता येणाऱ्या पायऱ्या) रेकॉर्ड करा, तिच्यात फक्त कॅनव्हास साइज २५५१ × ३५७९. मग फाइल > स्क्रिप्ट्स > इमेज प्रोसेसर: फोल्डर निवडा, 'सेव्ह ॲज जेपेग', क्वालिटी ११ किंवा १२, 'रिसाइझ टू फिट' बंद, 'रन ॲक्शन'मध्ये ती ॲक्शन. तयार फाइली वेगळ्या जेपेग फोल्डरमध्ये जातात, मूळ तशाच राहतात. '७२ वाल्या' फाइली आधी ३०० करून घ्या, किंवा ॲक्शनमध्ये ती पायरी पहिली टाका.

फोटोशॉप नसेल आणि विंडोज असेल तर इरफानव्ह्यूमध्ये बी दाबा (अनेक फाइली एकदम बदलायची खिडकी उघडते), ॲडव्हान्स्डमध्ये क्रॉप: एक्स ५२४, वाय १०, रुंदी २५५१, उंची ३५७९.

८ × ८ चे मात्र एकत्र करू नका. साधे आणि वॉटरकलरचे एका फोल्डरमध्ये, त्यांना सरळ २४७२. बारीक नक्षीचे दुसऱ्यात, त्यांना नुसती कापणी. रेघांचे आणि लिननवरच्या फुलांचे दोन-चार पेपर हातानेच करावे लागतील, कारण प्रत्येकाचं आवर्तन वेगळं.